फोनला विचारले, पण फोनला कळले का?

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट आहे. पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातून साठीच्या एका बाईंना जीपमध्ये घालून आणले होते. पापण्या उघडत नव्हत्या, बोलणे बोबडे झाले होते, थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. रात्री त्या जमिनीवर अंथरूण टाकून झोपल्या होत्या. अंगावर दाताची खूण कोठेच सापडली नाही. पण पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि मिटत जाणारे डोळे एवढ्यावरून मण्यार ओळखता येते. १०८ ची गाडी बोलावून त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. प्रतिविष मिळाले, काही दिवस यंत्राने श्वास द्यावा लागला आणि बाई वाचल्या.

त्या घरी परतल्यावर नातू मला भेटायला आला. मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आजी तीन वाजताच उठली होती. मी फोनले विचारलो." त्याने विचारले होते, "आजीचं पोट दुखून राहिलं, काय करू?" फोनमधल्या आवाजाने ओवा आणि गरम पाणी सांगितले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, "आजीचे डोरे उघडून नाही राहिले." आपल्या झाडीपट्टीत डोळ्याला 'डोरा' म्हणतात. फोनने 'दोरे' ऐकले आणि भलतेच काही सांगू लागला. या घोळात दीड तास गेला. शेवटी शेजारच्या आशाताईने बाईंना पाहिले आणि जीप काढायला लावली.

चूक त्या पोराची नव्हती. अपरात्री घरात जागे कोणी नव्हते, दवाखाना लांब आणि हातात बोलणारा फोन. तुमच्याआमच्या घरातही आज हेच घडते. म्हणून हा बोलका सहायक आतून कसा चालतो, त्याला आरोग्याचे काय विचारावे आणि काय विचारू नये, हे आज पाहू.

यंत्र ऐकते म्हणजे काय?

अलेक्सा, गुगल असिस्टंट, सिरी ही नावे आता खेड्यातही पोहोचली आहेत. गुगलचा सहायक २०१८ पासून मराठी बोलतो. अलेक्सा आपल्या देशात २०१७ मध्ये इंग्रजी घेऊन आली, २०१९ मध्ये हिंदी शिकली. अशा सहायकाच्या पोटात एखाद्या विशिष्ट कामासाठी जो छोटा कार्यक्रम बसवतात, त्याला व्हॉइस ॲप म्हणतात. अलेक्साच्या भाषेत त्याला 'स्किल' म्हणतात.

त्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते. आपण हाक मारली की यंत्र जागे होते. आपला आवाज बहुतेक वेळा इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथे त्याचे अक्षरांत रूपांतर होते. मग बोलणाऱ्याचा हेतू काय, हे ओळखले जाते. त्यानंतर तपशील: कोणाला, किती दिवसांपासून, वय किती. शेवटी उत्तर तयार होऊन आवाजाच्या रूपात परत येते.

नीट पाहिले तर ओपीडीत आम्ही डॉक्टरही हेच करतो. एक जण म्हणतो "अंगात कसकस आहे", दुसरा म्हणतो "हिव भरलं", तिसरा म्हणतो "अंग मोडून आलं". तिघांचाही रोख तापाकडे आहे, हे आम्ही अनुभवाने ओळखतो. यंत्राला तो अनुभव नसतो. ॲप बांधणाऱ्याला प्रत्येक हेतूसाठी माणसे काय काय बोलू शकतील, त्याची नमुनावाक्ये द्यावी लागतात. नव्या पद्धतीची यंत्रे अफाट मजकुरावरून स्वतःच शिकतात, पण जी बोली त्या मजकुरात नाही ती त्यांनाही येत नाही. वहीत 'डोळा' असेल आणि 'डोरा' नसेल, तर यंत्राच्या दृष्टीने त्या आजीला डोळेच नव्हते!

बोलीचा प्रश्न

आपल्या दोन जिल्ह्यांत पुस्तकी मराठी किती घरांत बोलली जाते? झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो, 'ण' चा 'न' होतो. दक्षिणेकडे तेलुगू मिसळते. भामरागड, एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी बोलतात, आणि त्या भाषांचे कूळच मराठीहून वेगळे, द्राविडी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, तरी तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही.

भाषा आली नाही तर औषध पोहोचत नाही, हे आपल्या भागाने फार पूर्वी ओळखले आहे. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. यंत्रालाही यातून सूट नाही.

प्रयत्न मात्र होत आहेत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केले. साध्या फोनवरून एक क्रमांक लावायचा, बटण दाबून आपले म्हणणे आपल्या भाषेत रेकॉर्ड करायचे. ते तपासून झाले की इतरांना फोनवरच ऐकता येते. इंटरनेट नको, अक्षरओळख नको. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' या भाषांतर करणाऱ्या ॲपची प्राथमिक आवृत्ती आणली. तीत संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. ही सुरुवात चांगली आहे. पण ती गोंडी छत्तीसगडची आहे. आपल्याकडची माडिया यंत्राला शिकवायला आपलीच माणसे लागतील.

गर्भवतींसाठी 'किलकारी' ही शासनाची मोफत फोनसेवा आहे. ती देशात २०१६ मध्ये आणि नंतर महाराष्ट्रातही सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ आवाजी संदेश त्या त्या वेळी येतात. ही सेवा निदान करत नाही, योग्य वेळी योग्य आठवण देते. नोंदणीच्या वेळी आशाताईला चालू असलेला फोन नंबर द्या. अनेकदा जुना किंवा दुसऱ्याचाच नंबर दिलेला असतो आणि संदेश वाया जातात.

धोका कोठे आहे?

२०१८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५४ सामान्य माणसांना सिरी, अलेक्सा व गुगल असिस्टंट यांना औषधोपचाराचे प्रश्न विचारायला लावले. ज्या प्रश्नांना त्यांना काही एक उत्तर मिळाले, त्यांपैकी सुमारे २९ टक्के वेळा त्या उत्तरावर चालल्यास रोग्याला अपाय झाला असता आणि सुमारे १६ टक्के वेळा मृत्यूही ओढवू शकला असता. त्या मंडळींची भाषा इंग्रजी होती, म्हणजे यंत्राला सर्वांत चांगली येणारी. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, हे खरे. पण एक दोष उरतोच. यंत्र चुकले तरी त्याचा स्वर डळमळत नाही. डॉक्टर गोंधळला तर त्याच्या चेहऱ्यावर दिसते. यंत्राला चेहरा नाही.

ॲप बांधणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या जिल्ह्यांतली मुले आता अभियांत्रिकी शिकतात, अशी ॲप बनवतात. त्यांना या जुन्या डॉक्टरचे चार शब्द.

पहिले, संगणकासमोर बसण्याआधी महिनाभर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसा. बायाबापे दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते लिहून घ्या. खरे काम तेच आहे.

दुसरे, ॲपने आधी उत्तर देऊ नये, आधी विचारावे. पोट दुखते म्हटल्यावर रात्री जमिनीवर झोपला होता का, पापण्या जड आहेत का, गिळता येते का, एवढे तीन प्रश्न त्या नातवाला विचारले असते, तर दीड तास वाचला असता. धोक्याचे एकही लक्षण दिसले की बाकी बोलणे थांबवून १०८ सांगावे. यंत्राला शब्द कळला नाही तर तसे कबूल करून आशाताईला उठवायला सांगावे, अंदाजाने बोलू नये.

तिसरे, यंत्राला जमेल ते काम द्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले की गावातली कमी शिकलेली माणसेही मुलांचा न्युमोनिया ओळखू शकतात. त्यांच्याकडे एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पट्टी असे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अहवालानुसार, त्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. हे काम आवाजालाही जमेल. "आता मोजा" म्हणून मिनिटभर थांबावे आणि आकडा विचारावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असतील, तर लगेच दवाखाना.

चौथे, साध्या फोनवर चालेल असे करा. नेटवर्कचा खांब दिसत नाही अशी गावे आपल्याकडे अजून आहेत. शिवाय एका खोलीच्या घरात यंत्र मोठ्याने बोलते. पाळी, क्षयरोग, गर्भपात असले विषय सासू-दिरांसमोर वाजू नयेत, याचा विचार करा.

घरच्या घरी एवढे पाळा

फोनला लसीकरणाची तारीख लक्षात ठेवायला सांगा, गोळी घेण्याच्या वेळेची आठवण द्यायला सांगा, आहाराची सर्वसाधारण माहिती विचारा. पण औषधाचे नाव, मात्रा आणि दोन औषधे एकत्र चालतील का, हे फोनला विचारू नका.

श्वास लागणे, छातीत दुखणे, झटके, बेशुद्धी, गरोदरपणातील रक्तस्राव, बाळाने दूध सोडणे आणि सर्पदंशाचा नुसता संशय, एवढ्या वेळी फोनचा उपयोग एकच: १०८. सर्पदंशात कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता रोग्याला रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश दुखतोच असे नाही, त्यामुळे खूण शोधत बसू नका. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणीत झोपावे. साप टळतो आणि हिवतापही.

तो नातू आता गावातल्या म्हाताऱ्यांचे शब्द वहीत लिहितो आहे. परवा दवाखान्यात येऊन दाखवून गेला. पहिल्याच पानावर लिहिले होते: डोरा म्हणजे डोळा. आशाताईचा नंबरही त्याने फोनमध्ये सर्वांत वर ठेवला आहे. तुम्हीही आज तेवढे करा.