हे युद्ध कोणाचं? गिरगाव ते गिरणगाव, १९३९ ते १९४६

२ ऑक्टोबर १९३९ रोजी गांधीजींना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी मुंबईच्या गिरणगावात सुमारे ९० हजार कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं. मागणी पगाराची नव्हती, महागाई भत्त्याचीही नव्हती. महिनाभरापूर्वी युरोपात युद्ध पेटलं होतं आणि ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान त्या युद्धात असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. विधिमंडळाला विचारलं नाही, पुढाऱ्यांना विचारलं नाही. परळ-लालबागच्या कामगारांचा संप त्याविरुद्ध होता. संपामागे कम्युनिस्टांच्या लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन होती.

तीन वर्षांच्या आत त्याच युनियनचे कार्यकर्ते त्याच गिरण्यांच्या दारांत उभे राहून उत्पादन थांबवू नका म्हणून सांगू लागले. एवढी मोठी कोलांटी कशी झाली, हा प्रश्न गिरणगावात पुढे कित्येक वर्षं विचारला जायचा. उत्तरंही ठरलेली असायची: कुणी गद्दारी म्हणे, कुणी दूरदृष्टी. त्या सहा-सात वर्षांकडे आज पाहिलं तर दोन्ही उत्तरं तोकडी वाटतात. मुंबईतल्या प्रत्येक गटाला कोणता तरी एक पराभव सगळ्यात भयंकर वाटत होता आणि युद्धाबद्दलची त्याची भूमिका त्या भीतीतून ठरत होती.

हा सगळा वाद अगदी थोड्या जागेत चालला होता. डॉ. आंबेडकरांचं ‘राजगृह’ दादरच्या हिंदू कॉलनीत, सावरकर सदन शिवाजी पार्कला, बॅरिस्टर जिनांचा बंगला मलबार हिलवर. कम्युनिस्ट पक्षाची कचेरी पुढे गिरगावच्या खेतवाडीत आली. काँग्रेसच्या मोठ्या सभा गवालिया टँकला किंवा चौपाटीवर होत आणि कामगारांच्या सभा परळच्या कामगार मैदानावर. सकाळी एकाचं भाषण ऐकलेला माणूस संध्याकाळी त्याच्या विरोधकाच्या सभेला बसू शकत होता.

सुरुवातीची मांडामांड अशी होती. काँग्रेसनं ब्रिटिशांना विचारलं की हे युद्ध लोकशाहीसाठी असेल तर त्या लोकशाहीत हिंदुस्थानचं काय? उत्तर मिळालं नाही, तेव्हा प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळं बाहेर पडली; मुंबईत बाळासाहेब खेरांनीही राजीनामा दिला. २२ डिसेंबर १९३९ रोजी जिनांनी या राजीनाम्यांबद्दल ‘मुक्तिदिन’ पाळायला सांगितलं आणि भेंडीबाजारच्या सभेत त्यांच्याबरोबर आंबेडकरही बोलले. वर्षभरापूर्वीच, ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात, आंबेडकर आणि कम्युनिस्ट औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे होते. युद्धानं ही जवळीक मोडली.

आंबेडकरांना नाझींचा विजय सगळ्यात भयंकर वाटत होता. वंशश्रेष्ठत्वावर उभं राहिलेलं राज्य जगावर आलं तर अस्पृश्यांसाठी उरणार काय, ही त्यांची काळजी पुस्तकी नव्हती. दुसरं कारण घरातलं होतं. महारांसाठी लष्कराची दारं १८९०च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली एक महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे या अन्यायाविरुद्ध चाललेला त्यांचा पाठपुरावा होता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सावरकरही शिवाजी पार्कवरून लष्करभरतीचाच पुरस्कार करत होते, पण त्यांचं कारण निराळं: हिंदू तरुणांच्या हाती शस्त्रं आणि शिक्षण येण्याची ही संधी सोडू नये. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्याबरोबर काँग्रेस सोडणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, कामगारांत काम करणारे व्ही. बी. कर्णिक हे फॅसिझमविरोधासाठी युद्धाच्या बाजूला गेले. एकाच बाजूला उभ्या असलेल्या या तीन गटांचं आपसांत काहीही जमत नव्हतं.

आणि काँग्रेस तरी एकमतानं कुठे होती? जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. जुलैत गांधीजींनी ‘प्रत्येक इंग्रजास’ आवाहन लिहून शस्त्र खाली ठेवायला सांगितलं. हिटलरचा प्रतिकार करावा, पण अहिंसेनं. त्याच महिन्याच्या अखेरीस पुण्यात अखिल भारतीय काँग्रेस समितीनं गांधीजींना बाजूला ठेवून ठराव केला की केंद्रात राष्ट्रीय सरकार द्या, आम्ही युद्धात मदत करू. ८ ऑगस्टला सरकारचं उत्तर आलं, त्यात राष्ट्रीय सरकारचा पत्ता नव्हता. ऑक्टोबरमध्ये पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

मदतीच्या बदल्यात स्वराज्य ही बोलणी मुंबईला नवी नव्हती. १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डननं युद्ध परिषद बोलावली होती. लोकमान्य टिळक बोलायला उठले, सहकार्याला स्वराज्याची जोड हवी असं म्हणू लागले आणि गव्हर्नरनं त्यांना थांबवलं. टिळक सभेतून निघून गेले. बावीस वर्षांनी पुण्याच्या ठरावाचं झालं ते याहून फार वेगळं नव्हतं. तडजोडीचं दार सरकारनं इतक्यांदा लावून घेतलं, म्हणूनच १९४२ उजाडलं, असं साफ म्हणायला हवं.

गिरणगावात दरम्यान महागाई वाढली. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप झाला आणि सरकारनं डांगे, रणदिवे, मिरजकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांना उचललं. डांगे राजपुतान्यातल्या देवळी छावणीत स्थानबद्ध होते. २२ जून १९४१ रोजी हिटलरनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला, तेव्हा कम्युनिस्ट पक्ष अर्धा तुरुंगात आणि अर्धा भूमिगत होता. कालपर्यंतचं साम्राज्यशाही युद्ध आता लोकयुद्ध झालं काय, यावर त्यांच्यातच सहा महिने वाद झाला. देवळीच्या कैद्यांनी लोकयुद्धाच्या बाजूनं लिहून पाठवलं, बाहेरचे आधी बधत नव्हते. डिसेंबरमध्ये धोरण बदललं. पुढच्या जुलैत सरकारनं पक्षावरची बंदी उठवली. ती तारीखच पक्षाला नडली. महिन्याच्या आत सगळी काँग्रेस तुरुंगात गेली आणि कम्युनिस्ट मोकळे फिरताना दिसले.

त्याआधी तडजोडीचा एक खरा प्रयत्न झाला होता. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि त्याच महिन्यात सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीला आले. युद्ध संपल्यावर वसाहतीचं स्वराज्य आणि प्रांतांना फुटून निघायची मुभा, असा त्यांचा मसुदा होता. संरक्षण खातं आज कोणाच्या हाती, या प्रश्नावर बोलणी मोडली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले, आणि त्याच आठवड्यात वाटाघाटीही संपल्या.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव मताला आला. मंडपात कम्युनिस्ट सभासदही होते. त्यांनी उपसूचना मांडल्या: आधी मुस्लिम लीगशी समझोता करा, राष्ट्रीय सरकार मिळवा, फॅसिझमशी लढा. मतदानात ठरावाविरुद्ध फक्त तेरा हात वर गेले. हजारोंच्या त्या जमावात ते तेरा हात वर करायला किती छाती लागली असेल! ठराव संमत झाल्यावर गांधीजी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आधी या तेरा जणांचं अभिनंदन केलं. त्यांना शरम वाटावी असं त्यांनी काही केलेलं नाही, अल्पमतात असतानाही हिंमत न सोडणं हेच तर आपण इतकी वर्षं शिकत आलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ‘करेंगे या मरेंगे’ सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला हा भाग क्वचितच कोणी सांगतं.

पहाटे धरपकड झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरली होती. त्यांच्या जागी आपण बोलू असं कस्तुरबांनी कळवलं, तर त्यांनाही अटक झाली. परळ-लालबागला पहिल्या दिवसांत दगडफेक, गोळीबार, काही गिरण्या बंद, सगळं झालं. पण अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या आणि मुंबईच्या लवकरच सुरू झाल्या. लाल बावट्याचं धोरण हे त्याचं एक कारण होतं. अहमदाबादच्या मालकांची त्या बंदला सहानुभूती होती आणि मुंबईत तशी ती नव्हती, हे दुसरं कारण होतं. ते लक्षात न घेता सगळं खापर लाल बावट्यावर फोडणं बरोबर नाही.

गिरगावचे पुढचे तीन महिने जवळून पाहण्याजोगे आहेत. विल्सन कॉलेजात शिकलेली बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार ऑगस्टच्या अखेरीपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवू लागले. प्रक्षेपण यंत्र चौपाटीच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून लॅबर्नम रोडवर, तिथून सँडहर्स्ट रोडच्या लक्ष्मी भुवनमध्ये, मग गिरगावच्या पारेख वाडीत असं फिरत राहिलं. पोलिसांची शोधगाडी रस्त्यावरून फिरायची, म्हणून बिऱ्हाड सारखं बदलावं लागे. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातल्या आष्टी-चिमूरला झालेले अत्याचार या बातम्या वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती, त्या इथून लोकांना कळत. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या बंगल्यात पोलिसांनी हे केंद्र पकडलं. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

आणि याच सँडहर्स्ट रोडच्या परिसरात, खेतवाडीच्या राजभुवनात, पूरणचंद जोशींच्या कम्युनिस्ट पक्षाची ‘पीपल्स वॉर’ आणि मराठी ‘लोकयुद्ध’ ही साप्ताहिकं निघत. तिथेही पोरं रात्रंदिवस राबत, तुटपुंज्या मानधनावर राहात. बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रं आणि वार्तापत्रं याच घरातून देशभर गेली. अण्णाभाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला, तो परळच्या मैदानांत आणि चाळींच्या पटांगणांत गायला गेला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांसह त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. व्होल्गाकाठची लढाई सातारा-कोकणातून आलेल्या जॉबर-बदलीवाल्यांना डफाच्या थापेवर समजावून सांगणं हे मराठी लोककलेनं केलेलं मोठं काम आहे.

पण पक्षाच्या याच साप्ताहिकांत सुभाषबाबूंना जपान्यांचं पाळीव जनावर दाखवणारी व्यंगचित्रं आली आणि भूमिगत समाजवाद्यांना पंचमस्तंभी म्हटलं गेलं. ‘इमाम अली’ बनून मुंबईत वावरणारे एस. एम. जोशी, अच्युतराव पटवर्धन, साने गुरुजी यांच्यासारख्या माणसांना हे विशेषण लावणं अक्षम्य होतं. फॅसिझमबद्दल कम्युनिस्टांचं निदान बरोबर होतं असं मानलं तरी या शब्दांचं समर्थन होत नाही. उलट बाजूनं ‘सरकारचे हस्तक’ ही शिवीही तितकीच स्वस्त झाली होती.

आरोपांची नीट तपासणी व्हावी असं एकालाच वाटलं. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर जुहूला विश्रांती घेत असलेल्या गांधीजींनी पूरणचंद जोशींना पत्र लिहून थेट प्रश्न विचारले. ‘लोकयुद्धा’तले लोक कोण? हिंदुस्थानच्या करोडो जनतेसाठी हे युद्ध आहे, की आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठीही? पक्षाच्या पैशांचा हिशेब पाहता येईल का? गेल्या दोन वर्षांत कामगार पुढाऱ्यांना पक्षानं पकडून दिलं, हे खरं का? काँग्रेसमध्ये वैरबुद्धीनं शिरायचं धोरण आहे का? परदेशातून हुकूम येतात का? जोशींनी लांबलचक उत्तर दिलं, हिशेब उघडे केले, कधी दुखावलेल्या मुलासारखं लिहिलं. गांधीजींचं समाधान झालं नाही, पण पत्रव्यवहार तुटला नाही. कागदपत्रं त्यांनी भुलाभाई देसाईंकडे मतासाठी दिली. शत्रूला नव्हे, मतभेद असलेल्या माणसाला प्रश्न कसे विचारावेत हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी तो छापलेला पत्रव्यवहार वाचावा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ९ ते २७ तारखेपर्यंत, गांधीजी जिनांच्या माउंट प्लेझंट रोडवरच्या बंगल्यात वाटाघाटींना जात राहिले. काँग्रेस-लीग समझोत्यासाठी राजाजींनी सुचवलेला तोडगा चर्चेला होता. कम्युनिस्टांनी ‘काँग्रेस-लीग एकी’साठी रान उठवलं होतं, सावरकरांचे अनुयायी या भेटींच्या सक्त विरोधात होते, आणि दोघांनीच देशाचा निवाडा करणं आंबेडकरांना मान्य नव्हतं. फाळणी आधी की स्वातंत्र्य आधी, यावर बोलणी अडली. पत्रं प्रसिद्ध झाली आणि दोघं आपापल्या जागी परतले. त्या अठरा-एकोणीस दिवसांत मुंबईतून एखादा समझोता निघाला असता तर पुढच्या तीन वर्षांत किती माणसं वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

युद्ध संपल्यावर हिशेब चुकते झाले. डिसेंबर १९४५ मध्ये काँग्रेसनं कम्युनिस्टांना अखिल भारतीय समितीतून काढलं. पण फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या गोदीत नौसैनिकांचं बंड झालं, तेव्हा सरदार पटेल शरणागतीचा सल्ला देत होते आणि २२ तारखेच्या संपाची हाक कम्युनिस्टांनी दिली होती. ‘बेचाळीस’च्या नायिका अरुणा असफअली यांची सहानुभूती या वेळी नौसैनिकांकडे होती. परळला लष्करानं गोळ्या झाडल्या, त्यात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतरच्या प्रांतिक निवडणुकीत गिरणगावच्या कामगारांनी, ज्यांच्यावर चार वर्षं गद्दारीचा शिक्का मारला जात होता, त्या डांग्यांना कामगार मतदारसंघातून मुंबईच्या विधिमंडळात पाठवलं.