दोन साक्षीदार आणि एक उत्प्रेरक

दहा-बारा वर्षे चाललेल्या पेट्रोल गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजात स्कॅनर लावला जातो, पडद्यावर 'पी०४२०' हा संकेतांक उमटतो आणि निकाल लागतो : 'कॅट गेला, बदलावा लागेल.' गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने हा खर्च जड असतो. मालक घुटमळला, की दुसरा सल्ला येतो : 'आतली जाळी काढून टाकू, नुसता डबा राहू द्या.' दुरुस्तीच्या पुस्तिका चाळत आणि गॅरेजांत उभा राहून बघत मी या प्रश्नाचा बराच माग घेतला. हे दोन्ही निकाल घाईचे आहेत, असे माझे मत झाले आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेले असते.

हे त्याच्या नावातच आहे. 'कॅटॅलिसिस' ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५च्या सुमारास रूढ केली. आपण उत्प्रेरण म्हणतो. उत्प्रेरक रासायनिक क्रिया घडवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. गाडीतल्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली चिनी मातीसारखी वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अत्यंत पातळ थर. तापलेल्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा तेथे कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाची वाफ व कार्बन डायऑक्साइड होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून नायट्रोजन सुटा होतो.

ही तिन्ही कामे एकदम साधतात ती हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या आसपास असेल तरच. हे प्रमाण राखण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर लागतो. बॉशचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर सतत वरखाली होतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान. मागचा मात्र जवळजवळ स्थिर राहतो, कारण मधली वीट ऑक्सिजन साठवते आणि लागेल तसा सोडते. मागचा साक्षीदार पुढच्यासारखाच नाचू लागला, की संगणक समजतो, विटेची साठवण संपली.

आता मारेकरी. यूजीन हुड्री या फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १९५०च्या दशकात मोटारींसाठी असे यंत्र घडवले होते, पण पेट्रोलमधले शिसे थरावर बसून तो निकामी करी. भारतात एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले. २००० साली ते देशभर झाले. एक मारेकरी गेला, बाकीचे आहेत. प्लग किंवा कॉइल खराब होऊन इंजिन मिसिंग करू लागले, तर न जळलेले पेट्रोल विटेत जाऊन पेटते आणि वीट वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल, तर त्यातले फॉस्फरस थरावर बसते. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपले, तर तेही तेच करते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्लग, कॉइल, ऑइलचा खप, कूलंटची पातळी. मग सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या नळीला कुठे फट आहे का. तिथून बाहेरची हवा शिरली तर साक्षीदार खोटे बोलतो. मग दोन्ही सेन्सरांचे आकडे. हे न करता डबा बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बदलायचेच ठरले, तर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि बॅटरीची तार काढावी. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. सेन्सरसाठी वायर जाण्यास खाच असलेला २२ मि.मी.चा सॉकेट बहुधा लागतो. आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप फक्त आट्यांवर. टोकाला त्याचा किंवा बोटाचा स्पर्शही नको. काही सेन्सरांवर तो आधीच असतो. वायरला पीळ पडू देऊ नये. पॅकिंग नवेच घालावे. नव्या डब्यावरचा बाण धुराच्या दिशेने हवा. पुढचा सेन्सर जुना, सुस्त असेल तर तोही बदलावा. नाहीतर चुकीच्या मिश्रणाने नवी वीट लवकर खराब होते. शेवटी संकेतांक पुसून गाडी गावात आणि महामार्गावर, दोन्हीकडे चालवून पाहावी.

आता 'जाळी काढून टाकू' या उदार सल्ल्याकडे येऊ. ती जाळी फुकटात काढून देणाऱ्याचे नुकसान होत नाही. भंगारात त्या विटेला भाव आहे, तिच्यातले धातू परत मिळवले जातात. नुकसान होते ते रस्त्यावरच्यांचे. पीयूसीच्या निष्क्रिय गतीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र मिळाले तरी धूर निर्दोष ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सिग्नलला आपल्या मागे स्कूटरवर उभ्या असलेल्या लहान मुलाचे नाक सायलेन्सरच्या उंचीपासून फार दूर नसते.

जुना डबा उतरवला, तर तो मागून घ्यावा आणि योग्य भावाने पुनर्वापरासाठी द्यावा. त्याआधी विटेचे तोंड बघावे. वितळलेले, काजळलेले की पांढरट, यावरून तो कशाने गेला याचा अंदाज येतो. नवा बसवण्यापूर्वीचा तो शवविच्छेदनाचा अहवाल आहे.