लेक म्हणते, वही नको, टॅबलेट हवा!

लेक यंदा इंजिनिअरिंगला गेली आणि "आई, नोट्स काढायला टॅबलेट घेऊन दे" म्हणून मागे लागली आहे ना? "वह्या काय वाईट आहेत?" असं तिच्या वडिलांनी विचारलंही असेल. नाही म्हणण्याआधी जरा ऐकून घ्या, बरं का!

हे नुसतं खेळणं नव्हे. काचेच्या पाटीवर खास पेनाने लिहायचं. अक्षर आपलंच उमटतं. सरांनी पाठवलेली पीडीएफ उघडून आकृतीशेजारीच टिपण करता येतं, आणि सगळ्या विषयांच्या वह्या एका पिशवीत मावतात. गणितातली चिन्हं लॅपटॉपवर टाइप करत बसणं किती कटकटीचं, ते तिलाच विचारा.

लॅपटॉपपेक्षा हे बरं, असं माझं मत. अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर या संशोधकांना २०१४ साली असं आढळलं, की लॅपटॉपवर टिपणं घेणारी मुलं व्याख्यान शब्दशः उतरवत सुटतात आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत मागे पडतात. २०१९ साली इतरांनी तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही, हेही खरं. पण हात सावकाश चालतो म्हणून नेमकं तेवढंच लिहावं लागतं. टीव्हीवरची पाककृती भराभरा उतरवताना आपण नाही का तेच करत?

खरेदीच्या वेळी मात्र डोळे उघडे ठेवा. कुठलंही पेन कुठल्याही टॅबलेटला चालत नाही. ॲपलची पहिली पेन्सिल २०१५ साली आली; पुढे २०१८, २०२३ आणि २०२४ साली नव्या आल्या, पण प्रत्येक आयपॅडला प्रत्येक पेन्सिल जुळत नाही. शिवाय ती वेगळी विकत घ्यावी लागते. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत पेन खोक्यातच मिळतं आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही. रबरी टोकाच्या स्वस्त पेनाच्या वाटेला जाऊ नका. त्याने बारीक अक्षर येत नाही, आणि तळहात टेकला की रेघोट्या उमटतात.

खरी काळजी वेगळीच आहे. विद्यापीठाचा लेखी पेपर बहुतेक ठिकाणी अजून कागदावरच असतो. गुळगुळीत काचेला सरावलेला हात तासाभरात दुखू लागला, तर येत असलेलं उत्तरही अर्धं राहायचं! म्हणून दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून कागदावर सोडवायला तिला बसवा. आणि नोट्सची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवायला सांगा. टॅबलेट बसमध्ये राहिला, तर निदान वर्षभराचा अभ्यास तरी हाती राहील.