क्लबातला गडी देशाच्या संघात चालेल काय?



आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात खेळ म्हटला की कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. फुटबॉल तसा कमीच. तरी परवा पारावर तरुण सभासदांचा एक वाद आमच्या कानी पडला. क्लबात नाव काढलेला गडी देशाच्या संघात घ्यावा की नाही? एक म्हणे, "क्लबात चमकला, बस झालं." दुसरा म्हणे, "भाऊ, गावची जत्रा निराळी अन् मोठा आखाडा निराळा." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे.

यावर मुंबईच्या राहुल भेके याचे उदाहरण घेऊ. जन्म १९९० चा, खेळायची जागा बचाव फळीत. बरीच वर्षे तो निरनिराळ्या क्लबांतून खेळला, पण देशाचा अंगरखा काही मिळेना. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बेंगळुरूकडून खेळताना जादा वेळात कॉर्नरवर त्याने डोक्याने गोल केला आणि गोव्याचा संघ हरला. पुढे इगोर स्टिमॅक हे भारताचे नवे प्रशिक्षक आले. ५ जून २०१९ रोजी थायलंडमध्ये कुरासाओविरुद्ध भेके पहिल्यांदा देशाकडून उतरला. वय २८. तो सामना आपण १-३ असा हरलो.

मग निवड चुकली काय? थांबा. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा येथे आशियाचा विजेता कतार समोर होता. कर्णधार सुनील छेत्री आजारी. तरीही भेके आणि सोबत्यांनी बचाव असा धरला की सामना ०-० सुटला.

पण त्याच दोह्यात ३ जून २०२१ रोजी भेकेला सतराव्या मिनिटालाच दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले. दहा जणांनिशी भारत ०-१ हरला. टीका झाली, ती व्हायचीच.

गडी मात्र खचला नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे मुंबई सिटीने इराकच्या क्लबाला २-१ असे हरविले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल भेकेचा. देशाच्या संघात तो परत आला. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाही, हेही लपवायचे कारण नाही. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने देशासाठी गोल केला.

आता आपल्या धंद्यातले सांगतो. शेतात ऊस कितीही जोमदार दिसो, तोडीआधी ब्रिक्स पाहावाच लागतो, आणि खरा उतारा गाळपातच कळतो. पण एका मोळीवरून सबंध हंगामाचा उतारा कोणी काढतो का? क्लबातला खेळ म्हणजे उभा ऊस. त्यावरून तोडीचा नंबर लागावा, हे रास्तच. मात्र उतारा कळायला गडी गाळपाला जावा लागतो, तोही एकदा नव्हे, चारदा. आमचे मते भेके देशाच्या संघाच्या लायकीचा होता. खंत एवढीच, की त्याचा नंबर फार उशिरा लागला.

हे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. तालुक्याचा संघ निवडताना एखादे पोरगे पहिल्याच सामन्यात चुकते आणि आपण त्याला कायमचे घरी बसवितो. मग त्याचा बाप म्हणतो, "खेळ सोड, शेतावर ये." चांगला गडी असा वाया जातो. वशिल्याने कुणाला घेऊ नये, आणि एका चुकीवरून कुणाला टाकू नये. काटा सर्वांना सारखा असावा, मग तो उसाचा असो की पोरांच्या गुणांचा.

सभासदांना याहून निराळे वाटत असल्यास त्यांनी अवश्य कळवावे.