साडेआठचं माप

सकाळचे साडेआठ म्हणजे साडेआठच. दिंडोरी तालुक्यातले हे द्राक्षबागायतदार काका पाऊस मोजायला कधी उशीर करत नाहीत. हवामान खात्याची वेळही तीच. पर्जन्यमापक द्राक्षांच्या मांडवापासून लांब, मोकळ्यावर आहे, कारण झाडाच्या आडोशाला पाऊस कमी भरतो. ते नरसाळं काढून बाटलीतलं पाणी मोजपात्रात अलगद ओततात आणि पात्र डोळ्यांच्या रेषेत धरतात. काचेलगत पाणी जरा वर चढतं, मध्ये खोलगट राहतं. आकडा त्या खोलगट भागाच्या तळाचा घ्यायचा. "अठरा पॉइंट चार," ते म्हणतात, आणि मी वहीत लिहितो.

या वहीत सरासरीपेक्षा मला वर्षं वाचावीशी वाटतात. 2015 साली प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा खूप तापलं होतं. देशाचा मोसमी पाऊस 14 टक्के कमी पडला. 2019 ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा खूप तापली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. मात्र एल निनो म्हणजे दुष्काळच, असंही नाही. 1997 चा एल निनो गेल्या शतकातल्या मोठ्यांपैकी एक, तरी देशाचा पाऊस सरासरी गाठून गेला.

हे हेलकावे सुरू होतात समुद्रावर, आणि तिथं नरसाळं ठेवणार कुठे? जहाज डोलतं, वारा थेंब उडवून नेतो. बेटांवरच्या आणि तरंगत्या बोयांवरच्या थोड्या नोंदींवर भागवावं लागे. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिका-जपानचा 'ट्रिम' उपग्रह पाऊस टिपणारं रडार घेऊन वर गेला, तेव्हा कुठे उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवरचा पाऊस नीट दिसू लागला. एल निनो दोन ते सात वर्षांनी येतो. म्हणजे इतक्या काळात मोजके प्रसंगच हाती लागले. इतक्या थोड्या नोंदींची मला खरी काळजी वाटते, कारण पुढचा पाऊस पूर्वीसारखा राहणार नाही. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून समुद्राचं तापमान पूर्वीइतकंच वरखाली झालं तरी पाऊस जास्त वरखाली होतो. एल निनोशी जोडलेले पावसाचे चढउतार या शतकाच्या उत्तरार्धात वाढण्याची दाट शक्यता हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2021 च्या अहवालानं नोंदवली आहे.

या चढउतारांपुढे काकांचा हिशेब द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचा. 2019 ला फुलोऱ्यातले घड गळकुजीनं गेले. तेव्हापासून ते सगळी बाग एकदम छाटत नाहीत. प्लॉट पाडून, अंतर ठेवून छाटतात. मजुरी वाढते, फवारण्यांचं वेळापत्रक दर प्लॉटला वेगळं ठेवावं लागतं. पण अख्खी बाग एकाच पावसात सापडत नाही.