बर्लिनचा मॅक्स आणि त्याची आई

जर्मनी म्हटले की आमच्या वाचकांना १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदविणारे बाबासाहेब आठवतात. खेळाची आवड असणाऱ्यांना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हिटलरच्या राजधानीत चार सुवर्णपदके पटकावणारा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स आठवतो. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकन खेळाडूंच्या दोन संघांनी जर्मन प्रेक्षकांना बेसबॉल खेळून दाखविला होता. पण हा खेळ तिथे खरा पोचला तो १९४५ नंतर, अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांमधून. फुटबॉलवेड्या जर्मनीत तो आजही थोड्यांचाच खेळ आहे. अशा देशातला एक मुलगा अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉलमध्ये कसा जाऊन पोचला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

मॅक्स केपलरचा जन्म १० फेब्रुवारी १९९३ चा, बर्लिनचा. वडील पोलंडचे, आई अमेरिकेतल्या टेक्सासची. दोघेही बॅले नर्तक. नाचाच्या निमित्ताने बर्लिनला आले, तिथेच ओळख झाली, संसार थाटला. मुलाचे पूर्ण आडनाव केपलर-रोझित्स्की. त्यातले केपलर हे आईचे, आणि मैदानावर जग त्याला त्याच नावाने ओळखते. आमच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

घरात दोन्ही बाजूंनी नृत्य, तरी मुलगा चेंडूमागे. टेनिस झाले, फुटबॉल झाला, आणि बर्लिनच्या द्वैभाषिक केनेडी शाळेत शिकत असता बेसबॉल हाती लागला. पुढे तो घर सोडून बव्हेरियातल्या रेगेन्सबुर्ग गावी गेला. तिथे मुलांना राहण्याची, शाळेची आणि बेसबॉलच्या शिक्षणाची सोय एकत्र आहे.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात चेंडूला टप्पा नसतो. तो सरळ अंगाजवळून सुसाट येतो, आणि बॅट आपल्या क्रिकेटसारखी सपाट नसून गोल दंडुक्यासारखी असते. तीनदा चुकलात की बाद. दहा वेळांत तीनदा जो नीट फटका मारील त्याला उत्तम फलंदाज म्हणतात. म्हणजे सात वेळा अपयश घेऊन घरी जायचे आणि उद्या पुन्हा उभे राहायचे. हंगामात सामने १६२!

२००९ साली मिनेसोटा ट्विन्स संघाने मॅक्सशी करार केला. वय अवघे सोळा. सुमारे ८ लाख डॉलर मिळाले. युरोपातल्या मुलाला तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. पैसा मोठा, पण आईबापांपुढचा प्रश्न आपल्याच घरातला वाटावा असा: खेळून पोट भरेल का, आणि शाळेचे काय? त्यावर आई मुलाबरोबर फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला गेली. मॅक्स तिथल्या हायस्कुलात बसला. खेळ आणि अभ्यास दोन्ही चालू ठेवले. रकमेपेक्षा आम्हांस या माउलीच्या निर्णयाचे मोल अधिक वाटते. पैसे हाती आले म्हणून तिने पुस्तके बंद केली नाहीत.

करार झाला म्हणजे मोठ्या संघात जागा मिळाली असे नव्हे. खालच्या श्रेणींतून एकेक पायरी चढावी लागते. लहान गावे, बसचे लांब प्रवास. मधे कोपर दुखावले, काही हंगाम बेताचेच गेले. सहा वर्षे अशी गेली! अखेर २०१५ मध्ये चॅटनूगा संघाकडून खेळताना तो सदर्न लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्याने ट्विन्सकडून पदार्पण केले.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, क्लीव्हलँडविरुद्ध एका सामन्यात तीन होमरन. होमरन म्हणजे आपला षटकारच समजा. २०१९ चा हंगाम तर सुगीचा: ३६ होमरन! ग्लासगोत जन्मलेल्या बॉबी थॉमसनने १९५१ साली ३२ मारले होते. युरोपात जन्मलेल्या खेळाडूंतला तो जुना आकडा बर्लिनच्या पोराने मागे टाकला. त्या वर्षी ट्विन्स संघाने मिळून ३०७ होमरन मारले, तोही तेव्हाचा विक्रमच. नंतरची वर्षे चढउताराची गेली. २०२५ साली तो फिलाडेल्फियाकडून खेळला.

पण मॅक्सच्या आधी आणखी एक जण होता, त्याचे नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. डोनाल्ड लुट्झ. वडील अमेरिकन, आई जर्मन. जन्म अमेरिकेतला, पण वाढला जर्मनीतल्या फ्रीडबेर्गला. एल्विस प्रेस्लीने सैनिकी नोकरी केली ते हेच छावणीचे गाव. लुट्झने बॅट हाती धरली ती पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे फारच उशिरा. तरी २९ एप्रिल २०१३ रोजी तो सिनसिनाटी रेड्सकडून मैदानात उतरला. जर्मनीत वाढून, तिथेच खेळ शिकून इथवर पोचलेला तो पहिला. दोन हंगाम मिळाले, मग कोपराच्या शस्त्रक्रियेने वाट अडवली. त्याच्या नावावर होमरन एकच. तो १२ मे २०१३ चा, आणि त्या दिवशी अमेरिकेत मातृदिन होता.

अमेरिकेच्या या लीगमध्ये १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता. त्या वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली. म्हणून दरवर्षी त्या तारखेला, म्हणजे आपल्या भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्व संघांतले सारे खेळाडू त्याचा ४२ क्रमांक पाठीवर लावून खेळतात. बर्लिनच्या मॅक्सनेही तो लावला आहे.