कापसाच्या धाग्यातली साखर

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडे जैनथला गेले होते. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता. तिच्या आजीनं सरकीवरचा कापूस दोन बोटांनी ओढून पाहिला आणि म्हणाली, "यंदा धागा आखूड हाय माय. भाव नाही भेटणार." मी विचारलं, आता काही करता येत नाही का? "जे व्हायचं ते झाडावरच झालं."

मी साहित्याची विद्यार्थिनी. परत आल्यावर वाचत बसले, तर आजीचं म्हणणं शास्त्राशी तंतोतंत जुळलं.

कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी! एका सरकीवर अशा हजारो. फूल उमलतं त्याच सुमारास ती वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. आतल्या पाण्याच्या दाबानं ती ताणली जाते. नेमका तेव्हाच पावसानं ताण दिला, तर धागा आखूड राहतो.

मग पेशीची भिंत जाड होते, आणि इथे साखर येते. पानात तयार झालेली साखर बोंडात पोचते. तिच्यातलं ग्लुकोज हजारोंनी एकापुढे एक जोडलं की सेल्युलोज होतं. वाळलेल्या धाग्यात ९० टक्क्यांच्या आसपास तेच असतं. साखरेच्या अशा साखळ्यांच्या अभ्यासाला ग्लायकोबायॉलॉजी म्हणतात.

साखळी विणतं कोण? प्रथिनांचं एक यंत्र. ते पेशीतल्या गॉल्गी नावाच्या भागात जुळतं, इवल्या पिशव्यांत भरून पेशीच्या कडेच्या पडद्याला पोचवलं जातं आणि तिथे विणायला लागतं. वनस्पतीतल्या या यंत्राची जनुकं पहिल्यांदा हाती लागली ती कापसाच्याच धाग्यात, १९९६ साली. डेबोरा डेल्मर त्या संशोधकांपैकी एक. पुढे २००६ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रोपात या यंत्राला चमकणारं प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर यंत्रं पडद्यालगतच्या बारीक नळ्यांच्या वाटेनं सरकत होती. जणू रुळावरून गाडी!

भिंत भरली की पेशी मरते. बोंड फुटतं, पेशी वाळते, चपटी होऊन पिळली जाते. त्या पिळामुळेच कापसाचं सूत निघतं. आपण अंगावर घालतो ती मेलेल्या पेशींची भिंत.

सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ओलावाही मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर खरेदी नाही. पण ओला कापूस उन्हात वाळवता येतो. आखूड धागा लांब करता येत नाही. त्याला पाणी लागतं ते फुलं आणि बोंडं धरताना, वेळेवर.

आजीच्या शेतात विहीर नाही.